सोनपेठची यादी आणि पुण्याची फ्लॉपी

परभणीत माझं कुणी नाही. लग्नकार्य, देवदर्शन, नवऱ्याची बदली, यातलं कुठलंच कारण तिकडे जायला मला नव्हतं. मी गेले ती एका फाइलीच्या माथ्यावर लिहिलेल्या तीन नावांमुळे.

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे बँका आणि पतपेढ्या. एका संगणकाला आठ टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कळफलक, जोडायची, आठ खिडक्यांवर आठ कारकून बसवायचे, हा आमचा धंदा. त्यासाठी लागणारी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, आम्ही विकत घेत असू. पण त्या सुमाराला एक नवीच गोष्ट घडत होती. जगभरच्या हौशी लोकांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेली एक सिस्टीम फ्लॉप्यांवरून हातोहात फिरू लागली होती. तिचा सगळा मजकूर उघडा. कुणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. साहेबांनी ठरवलं, पुढच्या बँकेला हीच बसवायची.

ती बसली, चाललीही. फक्त टर्मिनलं रखडत होती. एका खिडकीवर आकडा दाबला की तो पडद्यावर उमटेपर्यंत कारकून वर बघून घ्यायचा. मी सिस्टीमचा तो भाग उघडून पाहिला. टर्मिनलं जोडायला संगणकात खोचलेल्या पट्टीला, म्हणजे कार्डाला, प्रत्येक अक्षरामागे जरा थांबा असं त्यात मुद्दाम सांगितलं होतं. जुनी कार्डं घाईत अक्षरं गाळतात, म्हणून. आमचं कार्ड नवं होतं, त्याला थांबायची गरज नव्हती. हे लिहिणाऱ्यांची नावं वर दिलेली होती. दोन परदेशी आणि तिसरं गंगाधर. पत्ता परभणीचा.

"आपल्याच राज्यातला माणूस आहे," साहेब म्हणाले. "भेटून या. त्याला म्हणावं, एवढं आमच्यासाठी कर. आणि यापुढे काही अडलं तर कुणाला विचारायचं, तेही पक्कं करून या." या मागण्या टाइप केलेला एक कागद त्यांनी दिला. सोमवारी सकाळी फोन करून काय झालं ते सांगायचं, असं ठरलं. माझ्या पिशवीत आणखी एक वस्तू होती. तो थांबा काढून टाकून मीच तयार केलेली सुधारित आवृत्ती, एका फ्लॉपीवर.

परभणी

विद्यापीठाचं नामांतर होऊन महिना-दीड महिना झाला होता. एसटी स्टँडवर अजून पोलीस होते, पण बाकड्यावर बसून पेपर वाचत होते. पुण्याहून येताना घरच्यांनी दहा वेळा विचारलं होतं, आत्ताच जायला हवं का. इथे मात्र रिक्षावाल्यानं फक्त एवढंच विचारलं, "कोणत्या गावच्या बाई तुमी?" पुढच्या आठवडाभरात हा प्रश्न मला ज्यानं त्यानं विचारला. आमच्याकडे माणूस भेटला की आधी काय करता ते विचारतात. इथे आधी गाव.

गंगाधर सर एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. दोन खोल्यांचं घर, आणि धान्याच्या कोठीशेजारी, पोत्यावर पोतं रचावं तसा संगणक मांडलेला. मुंबईला शिकणाऱ्या एका मित्रानं त्यांना पोस्टानं फ्लॉप्या पाठवल्या, तिथून सुरुवात झाली. सर इथे सुधारणा करत, फ्लॉपी पाकिटात घालून मुंबईला पाठवत, आणि मित्र ती तिथल्या ई-मेलच्या तारेवरून जगाला पाठवत असे. एका सुधारणेचं उत्तर यायला कधी तीन आठवडे लागत.

"दोन फ्लॉप्या पोस्टमननं घडी करून पेटीत कोंबल्या होत्या," ते म्हणाले. हसले नाहीत.

मी साहेबांचा कागद पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "उद्या शनिवार. मला पोखर्णीला जायचंय, आमच्या गावी. चला मॅडम तुमी बी. तिथून सोनपेठला जाऊ. हे जुनं कार्ड कुठं चालतंय ते तुमाला बघायला मिळंल. मग बोलू."

पोखर्णी

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि काढणीला आलेली ज्वारी. मधूनच करडईचे काटेरी पट्टे, पिवळे-केशरी. नृसिंहाच्या देवळापाशी उतरून आम्ही आधी दर्शन घेतलं, मग सरांच्या मळ्यात गेलो. त्यांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, बांधावर बसून दावं वळत होते.

जेवण मळ्यातच झालं. ज्वारीची गरम भाकरी, करडईच्या वाळवून ठेवलेल्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, त्यावर करडईचंच तेल. पहिल्या घासाला मला ठसका लागला. सरांच्या वहिनींनी काही न बोलता ताटात गुळाचा खडा ठेवला.

हात धुतल्यावर सरांनी कागदाचा विषय काढला.

"यात लिहिलंय, जुन्या कार्डासाठी ठेवलेली सोय काढून टाकावी. यात लिहिलंय, दोष कळवल्यापासून एका दिवसात उत्तर द्यावं. हे कुणाला लिहिलंय मॅडम?"

"तुम्हाला. तुम्ही लिहिलेला भाग आहे ना?"

"मी लिहिला. पण मी काय तुमचा नोकर हाय का?"

ते रागानं बोलत नव्हते, खरंच विचारत होते. मी माझी बाजू मांडली. ती मला आजही खोटी वाटत नाही. मी म्हटलं, बँका, दवाखाने, कारखाने असल्यांनी वापरल्याशिवाय ही सिस्टीम चार हौशी लोकांचं खेळणं म्हणूनच राहील. मोठे वापरणारे आले की दोष उघडे पडतात, नवी यंत्रं तपासून होतात, लोकांचा विश्वास बसतो. आणि बँकेच्या खिडकीवर रांगेत उभी राहणारी माणसंही माणसंच असतात. त्यांचा खोळंबा होतो तो तुमच्या त्या थांब्यामुळे.

"बराबर हाय," ते म्हणाले. "येऊ द्या की बँकेला. कुणी अडवलंय? मला विचारायची बी गरज न्हाई. घ्या, तुमाला पायजे तसं बदला, चालवा. पण तुमी घ्यायला न्हाई आलात, मागायला आलात. मी दिवसभर शिकवतो अन् संध्याकाळी हे लिहितो. कुणाचा हुकूम न्हाई म्हणून लिहितो. हुकूम आला की ती नोकरी झाली. नोकरी एक हाय मला."

"पण रात्रीतून बँक बंद पडली तर कुणीतरी जबाबदार हवं ना?"

"हवं की. तो जिम्मा तुमचा. पैसे बँकेकडून तुमी घेणार, अन् जिम्मा पोखर्णीच्या माणसाचा?"

आबा दावं खाली ठेवून आमच्याकडे बघत होते. "कशापायी भांडायलाव रं? पाहुण्या बाई हायत त्या."

"भांडत न्हाई आबा. एक काम हाय, त्याच्यावर बोलायलोय."

"मग बोला. पण ऊन उतरल्यावर. बाईला आधी ढाळे खाऊ द्या." आणि त्यांनी हरभऱ्याची हिरवी झाडं उपटून माझ्यासमोर आणून टाकली. आम्ही घाटे सोलत बसलो.

संध्याकाळी मी सरांना माझ्या फ्लॉपीबद्दल सांगितलं. थांबा काढूनही जुनं कार्ड कदाचित नीट चालेल, असं मला वाटत होतं. तसं झालं तर भांडणच मिटत होतं. ते म्हणाले, "द्या, परभणीला गेल्यावर माझ्या मशीनवर लावून बघतो. सोनपेठला नको." मी बरं म्हटलं.

सोनपेठ

रविवारी दोन एसट्या बदलून आम्ही सोनपेठला पोचलो. जुनं कार्ड होतं ते तिथल्या शाळेत. रविवार म्हणून शाळा बंद होती, पण तिथले शिक्षक रोकडे गुरुजी आमच्यासाठी थांबले होते. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, धुऊन धुऊन विरलेला पांढरा शर्ट. मागच्या खोलीत कुठल्यातरी कचेरीच्या लिलावातून आणलेला संगणक आणि चार टर्मिनलं होती. कार्ड संगणकाहूनही जुनं. सरांनी महिनाभर बसून ते चालतं केलं होतं आणि तो प्रत्येक अक्षरामागचा थांबा याच खोलीत जन्मला होता.

त्या यंत्रावर एक यादी होती. ती कशाची ते गुरुजींनी मला समजावून सांगितलं.

सोनपेठच्या आसपासच्या वस्त्यांतली निम्मीअधिक माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पोरं बरोबर. उन्हाळ्यात परततात तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते, मग पोर पुन्हा त्याच वर्गात. दोन-तीनदा तसं झालं की शाळा सुटते. गुरुजींनी यावर आपल्यापुरती एक वाट काढली होती. कोणतं मूल कोणत्या कारखान्याच्या परिसरात आहे ते लिहून ठेवायचं, आणि तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र घालायचं. हे मूल अमुक वर्गात अमुक धड्यापर्यंत शिकलेलं आहे, कृपया परीक्षेला बसवून घ्या. दहातले सहा-सात जण बसवून घेत.

"पण टोळ्या एका जागी राहत नाहीत," गुरुजी म्हणाले. "मुकादम बदलतो, फड बदलतो. ट्रकवाला गावात आला की निरोप आणतो. तो निरोप आला की मी इथं बदल करतो. आधी वह्या होत्या. खोडून खोडून मलाच कळंना झालं होतं."

त्यांनी यादी दाखवली. रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी नावं, सावकाश, एकेक अक्षर करत पडद्यावर येत होती. पत्रं पुढच्या आठवड्यात टाकायची होती.

दुपारी सर एका ओळखीच्या माणसाकडे यंत्रासाठी तार आणायला गेले. आता मी जे सांगणार आहे ते सांगणं मला जड जातं. मी गुरुजींना म्हटलं, "माझ्याकडे एक सुधारणा आहे. पडदा भराभर चालेल. लावून बघू का?"

"काही बिघडणार नाही ना ताई?"

"काही नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

सोमवारी सकाळचा फोन माझ्या डोक्यात होता. सर म्हणाले होते सोनपेठला नको, तेही डोक्यात होतं. यादीची नक्कल आधी काढून ठेवायला हवी, हे तर नव्या शिकाऊ माणसालाही कळतं. मी फ्लॉपी घातली.

पडदा खरंच भराभर चालू लागला. गुरुजी कौतुकानं म्हणाले, "अरे वा." त्यांनी दुसऱ्या टर्मिनलवर यादी उघडली, मी तिसऱ्यावर. मिनिटभरानं अक्षरं तुटायला लागली, मग सगळे पडदे एकदम गोठले, आणि यादी साठवलेली आतली चकती तशीच खरखरत राहिली. मी यंत्र बंद करून सुरू केलं. ते सुरू झालं नाही.

सर आले तेव्हा मी उभीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फ्लॉपीकडे.

"नक्कल काढली व्हती?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी हातातली तार टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि कामाला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दिवेलागणीपर्यंत त्यांनी यंत्र पुन्हा उभं केलं. त्यांच्याजवळ जानेवारीच्या सुरुवातीची एक नक्कल फ्लॉपीवर होती, ती त्यांनी चढवली. म्हणजे त्यानंतर, संक्रांतीच्या पुढेमागे ट्रकवाल्यांनी आणलेले सगळे निरोप गेले. गुरुजींनी आठवून आठवून बोटं मोजली. एकतीस मुलांचं ठिकाण बदललं होतं; मुलं आठवली, नवी ठिकाणं नाही.

मला काहीतरी बोलणं भाग होतं आणि मी नको ते बोलले. म्हटलं, "बाकी सगळी यादी शाबूत आहे. गेली ती एकतीसच नावं."

गुरुजी फळा पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"ताई, या मुलखात विद्यापीठाला एक नाव द्यायला सोळा वर्षं लागली. आमची घरं जळाली त्या एका नावापायी. नावांना 'एकतीसच' म्हणू नका."

ते पुन्हा फळा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

गोदाकाठच्या वस्त्या

मी सोमवारी फोन केला, पण वेगळं सांगायला. चार दिवसांची रजा हवी आहे, म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

ज्यांना ठाऊक असेल अशी माणसं वस्त्यांवरच होती. मागे राहिलेली म्हातारी. सर मंगळवारपासून कॉलेज करून दुपारी येत. मी आणि गुरुजी, शाळा सुटली की, कधी सायकलवर, कधी ट्रॅक्टरच्या मागे बसून फिरलो. शाळेच्या वेळात मी एकटी जात असे. गुरुजी मला कागदावर वाट काढून देत.

असली गावं मी पाहिली नव्हती. ओळीनं घरं, आणि ओळीनं कुलपं. एखाद्या ओट्यावर म्हातारी, दोन शेळ्या, एक तांब्या. पाणी भरायला हापशावर गर्दी नाही. संध्याकाळी धूर निघतो तो दहा घरांमागे एका घरातून. आमच्याकडे मे महिन्यात मुलं गावाला गेली की गल्ली ओस पडते, पण ती मजेची ओस. इथे सहा महिने गाव जणू श्वास धरून बसतं.

"तुमचा मुलगा कोणत्या कारखान्याला गेलाय?" असं विचारलं की सरळ उत्तर येत नसे. त्यांचे पत्ते वेगळे होते.

"मागल्या साली आमचा बैल मेला, त्या कारखान्याला."

"नदीला लय मोठा पूल हाय बघा. दोन्हीकडून झाडं हायत."

"जिथं पाणी खारं लागतंय, पोरं आजारी पडत्यात."

मी ते तसंच्या तसं लिहून आणत असे आणि गुरुजी संध्याकाळी कंदील धरावा तसं डोकं पुढे काढून त्यातून गाव शोधत. बैल मेला होता तो अमक्या तालुक्यात, पूल आहे तो तमक्या नदीवर. एका आजीनं पेटीतून एक पोस्टकार्ड काढून दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या नातवानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पत्त्यासकट. "वाचून दाव की माय," ती म्हणाली. मी वाचलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग माझ्या हातात मूठभर भाजलेल्या शेंगा ठेवल्या. मी तिच्या नातवाचं काय केलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं. शेंगा मी तिच्यासमोरच एकेक सोलून खाल्ल्या.

तीन दिवसांत तीस मुलांचा पत्ता लागला. उरली एक. चंद्रकला, इयत्ता चौथी.

तिचे आजोबा नदीच्या अगदी काठावर राहत. शेवटच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. म्हाताऱ्यांनी गुरुजींना पाहून खाट झटकली.

"नाना, चंद्रकला कुठं हाय सध्या?" गुरुजींनी विचारलं.

"आं? तुमाला सांगितलं हुतं की म्या. संक्रांतीला. मुकादम बदलला, ट्रकवाल्यानं सांगितलं, तवाच यिऊन सांगितलं तुमाला."

"सांगितलं होतं. ते लिहिलेलं गेलं नाना. पुन्हा सांगा."

म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई येत ध्यानात," ते म्हणाले. "तुमी लिवून घेतलं ना गुरुजी. मशिनीत घातलं म्हणलात. मग म्या कशाला ध्यानात ठिवू? म्हणलं, आता फिकीर न्हाई."

गुरुजींनी त्या दिवशी तीन-चार निरोप एकदम लिहिले होते. कुठला हिचा, ते त्यांनाही आठवेना. तो ट्रकवाला पुन्हा आला नव्हता. मी म्हाताऱ्यांसमोर हात जोडले आणि सांगितलं की ते माझ्या हातून गेलं. त्यांना नीट कळलं नसावं. ते म्हणाले, "असू द्या माय. मशिनीचं काय सांगावं."

मशिनीचं काही नव्हतं. मशीन मी येईपर्यंत नीट चालत होतं.

परतताना

परभणीच्या स्टँडवर सर सोडायला आले. साहेबांचा कागद त्यांनी खिशातून काढून मला परत दिला. मी म्हटलं, "तुम्हाला आता आमच्यासारख्यांचं तोंड पाहावंसं वाटणार नाही."

"तसं न्हाई मॅडम. तुमच्या बँकेला मी वाईट म्हणत न्हाई. तुमचं कार्ड जलद चालावं हे बी बराबरच हाय. मला स्वतःला ते जमलं न्हाई, कारण नवं कार्ड म्या डोळ्यानं बघितलेलं न्हाई. पण तुमाला जलद पायजे म्हणून सोनपेठचं बंद, हे कुणी ठरवावं? लय मोठा वापरणारा असला की तो न सांगता ठरवतो. तुमी तर भल्या बाई आहात, तरी दोन मिनिटांत ठरवलंत."

गाडी लागली. त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली. "दोन्ही कार्डं चालतील असं लिहा तुमी. मी बघतो," एवढंच म्हणाले.

पुण्यात मी दोन आठवडे त्याच एका फाइलीवर बसले. सुरू होताना यंत्रानं कार्ड कोणतं ते आधी ओळखावं, जुनं असेल तर थांबावं, नवं असेल तर थांबू नये. ऐकायला सोपं आहे, करायला नव्हतं. कंपनीच्या गुदामातून शोधून एक जुनं कार्ड काढलं आणि रोज त्यावर चालवून पाहिलं. साहेबांनी विचारलं, जे कार्ड कुणी विकतही घेत नाही त्यापायी एवढा वेळ का. मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण ते आपलं गिऱ्हाईक नाही."

"आपण येण्याआधीपासून ते तिथे आहे साहेब. आपण त्यांच्या घरात शिरलोय."

"आणि बँकेचा फोन आला तर? तो माणूस जबाबदारी घेणार नाही म्हणता."

"मी घेईन. लेखी लिहून देते."

त्यांनी होकार दिला. सुधारणा मी परभणीला पाठवली, जाड पुठ्ठ्यात घालून. सरांचं पोस्टकार्ड आलं. त्यात तीन चुका दाखवलेल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, बाकी ठीक. तिन्ही खऱ्या होत्या. त्या काढल्यावर त्यांनी ती मुंबईमार्गे जगात पाठवली. बँकेची टर्मिनलं पळू लागली. सोनपेठची पूर्वीसारखीच सावकाश चालली, आणि कुणाला काही कळलं नाही. कुणाला न कळणं हेच अशा कामाचं यश.

जूनमध्ये गुरुजींचं पत्र आलं. तीस पत्रांपैकी बावीस मुलांना परीक्षेला बसवून घेतलं होतं. चंद्रकला परत आली होती. ज्या कारखान्यावर ती होती तिथून शाळा हाकेच्या अंतरावर होती, मुख्याध्यापकही चांगले होते. पण पत्रच गेलं नव्हतं. ती पुन्हा चौथीत बसली. "तुम्हाला दोष देण्यासाठी नव्हे, कळवायला हवं म्हणून कळवलं," असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि मग विचारलं, दिवाळीनंतर टोळ्या निघतात तेव्हा मी येऊ का.

पुन्हा सोनपेठ

परवाच तिथून आले. आमच्या धंद्यातले लोक अजून मला विचारतात की अशा लोकांनी लिहिलेल्या सिस्टीमनं कंपन्यांची सोय बघावी की नाही. मी सांगते, बघावी, पण कंपनीनं आपलं ओझं आपण उचलून यावं, आणि आत कोण बसलं आहे ते आधी विचारावं. यापलीकडे मला शहाणपण सुचलेलं नाही.

आठवडी बाजाराच्या मैदानात ट्रक उभे होते. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, कोंबड्या, गाड्यांची चाकं वर चढत होती. बायका ओरडून पोरांना मोजत होत्या. गुरुजी, सर आणि मी तीन ट्रकांपाशी तीन वह्या घेऊन उभे राहिलो. आता यादी आधी वहीत, मग यंत्रात, आणि यंत्रातून दर आठवड्याला फ्लॉपीवर. एकेक मूल पुढे येऊन नाव सांगायचं, वर्ग सांगायचं, टोळी कुठे चालली ते सांगायचं.

माझ्या ट्रकपाशी एक उंचशी मुलगी आली. वेण्या घट्ट, पाठीला धाकटा भाऊ.

"चंद्रकला," तिनं सांगितलं. "चौथी."

मी वहीत नाव लिहिलं. मी कोण ते तिला माहीत नव्हतं आणि त्या गर्दीत, भाऊ पाठीवर असताना, ते तिला सांगणं म्हणजे माझं ओझं तिच्या डोक्यावर देणं झालं असतं. मी फक्त विचारलं, "कुठे जाणार?"

तिनं कारखान्याजवळच्या गावाचं नाव सांगितलं. मी लिहिलं. ती वहीत वाकून बघत होती. तिचं बोट माझ्या अक्षराखाली येऊन थांबलं.

"तसं न्हाई बाई. दीर्घ लिवलंव तुमी. ऱ्हस्व हाय ते. मागल्या साली तिथल्या शाळेच्या पाटीवर बघितलंय म्या."

मी ते खोडलं, आणि ती सांगेल तसं पुन्हा लिहिलं.